ठाण्यातून विधानसभेत : भैरोंसिंह शेखावत यांच्या सार्वजनिक जीवनाचा एक अभ्यास

प्रस्तावना

दिनांक १२ ऑगस्ट २००२ रोजी भारताच्या उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली. या निवडणुकीत राजस्थानचे माजी मुख्यमंत्री भैरोंसिंह शेखावत यांना ४५४ मते मिळाली, तर त्यांचे प्रतिस्पर्धी, सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे यांना ३०५ मते मिळाली. पक्ष, प्रांत, वय आणि सामाजिक पार्श्वभूमी या सर्वच बाबतींत दोन्ही उमेदवार परस्परांहून भिन्न होते. तथापि एक साम्य सहसा दुर्लक्षित राहिले. या दोघांनीही आपल्या आयुष्याच्या उमेदीच्या काळात पोलीस उपनिरीक्षक म्हणून नोकरी केली होती. महाराष्ट्रात ज्याला फौजदार म्हणतात आणि राजस्थानात ज्याला थानेदार म्हणून ओळखले जाते, त्या पदापासून देशाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या घटनात्मक पदाच्या उंबरठ्यापर्यंत दोन माणसे एकाच वेळी पोहोचली होती.

भारतीय राजकारणाच्या इतिहासलेखनात वकील, शिक्षक, जमीनदार, कामगार पुढारी आणि सहकारातील कार्यकर्ते यांच्या विधिमंडळातील प्रवेशाची चर्चा विपुल प्रमाणात झालेली आहे. पोलीस खात्याच्या कनिष्ठ अधिकारीवर्गातून आलेल्या लोकप्रतिनिधींची चर्चा मात्र त्या मानाने अल्प आहे. वास्तविक ठाणे हे सामान्य माणसाला शासनसंस्थेचे जवळून दर्शन घडविणारे ठिकाण होय. तेथे काम केलेली व्यक्ती कायदे करणाऱ्या सभागृहात जाते, तेव्हा ती शासनाकडे कोणत्या दृष्टीने पाहते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्वाचा वाटला पाहिजे.

प्रस्तुत निबंधात शेखावत यांच्या जीवनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यासाठी तीन उद्दिष्टे समोर ठेवली आहेत. पहिले, शेखावत यांच्या जडणघडणीची सामाजिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे. दुसरे, विधिमंडळातील त्यांच्या निर्णायक भूमिकांचे परीक्षण करणे. आणि तिसरे, सत्ताधारी म्हणून त्यांच्या कारकिर्दीच्या मर्यादा तपासणे. मांडणीसाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

शेखावाटीची पार्श्वभूमी

शेखावत यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२३ रोजी सीकर परिसरातील खाचरियावास या गावी एका राजपूत कुटुंबात झाला. हा प्रदेश शेखावाटी या नावाने ओळखला जातो. तत्कालीन जयपूर संस्थानात सीकर हे एक मोठे ठिकाण होते. येथे 'ठिकाण' हा शब्द जागीरदाराच्या अखत्यारीतील मुलूख या अर्थाने घ्यावयाचा आहे. जागिरी मुलखातील शेतकऱ्याला जमीन महसुलाखेरीज अनेक प्रकारच्या लागा, म्हणजे बाबी व पट्ट्या, द्याव्या लागत. त्याशिवाय वेठबिगार होतीच.

या व्यवस्थेविरुद्ध शेखावाटीतील जाट शेतकऱ्यांनी १९३० च्या दशकात मोठे आंदोलन उभारले. १९३५ मध्ये सीकर ठिकाणातील कूदन या गावी गोळीबार होऊन शेतकरी मृत्युमुखी पडले. पुढे १९३८ मध्ये सीकरचे रावराजा आणि जयपूर दरबार यांच्यातच संघर्ष उभा राहिला. शेखावत त्या वेळी शालेय वयात होते. एका बाजूला राजपूत जागीरदार आणि दुसऱ्या बाजूला जाट शेतकरी, अशी समाजाची उभी विभागणी त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. राजपूत म्हणजे जागीरदार असे समीकरण सरसकट मांडणे चुकीचे ठरेल. राजपूत समाजातही अल्पभूधारकांचा मोठा वर्ग होता. शेखावत यांचे कुटुंब बड्या जागीरदारांपैकी नव्हते. वडिलांच्या निधनामुळे शालेय शिक्षणानंतर त्यांना पुढे शिकता आले नाही. घरची शेती पाहणे आणि नोकरी करणे एवढाच मार्ग शिल्लक राहिला. अशा परिस्थितीत त्यांनी पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून नोकरी पत्करली.

संस्थानी काळातील पोलिसांचे स्वरूप ब्रिटिश हिंदुस्थानातील पोलिसांपेक्षा काहीसे वेगळे होते. संस्थानात दरबाराची सत्ता आणि ठिकाणाची सत्ता या दोहोंच्या मध्ये ठाणे उभे असे. महसुलाची तक्रार, बांधाचे भांडण, लाग न भरणारा कुळवाडी अशी प्रकरणे अखेरीस ठाण्यापर्यंत येत. जागिरी व्यवस्था कागदावर कशी आहे यापेक्षा ती गावात कशी चालते, हे दिसण्याची जागा तीच होती. नोकरीतील अनुभवामुळेच शेखावत यांची पुढील मते बनली, असा थेट कार्यकारणसंबंध जोडणे इतिहासाच्या शिस्तीला धरून होणार नाही. परंतु जागिरी मुलखाचे वास्तव त्यांना ऐकीव माहितीवरून समजून घ्यावे लागले नाही, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

१९५२ : विधानसभेतील प्रवेश

३० मार्च १९४९ रोजी बृहद् राजस्थान अस्तित्वात आले आणि १९५२ मध्ये प्रौढ मताधिकारावर आधारित पहिली विधानसभा निवडणूक झाली. ही निवडणूक राजस्थानच्या राजकीय इतिहासात विलक्षण चुरशीची ठरली. १६० जागांपैकी काँग्रेसला ८२ जागा मिळाल्या. म्हणजे जेमतेम बहुमत. जागीरदारांचा पाठिंबा असलेल्या रामराज्य परिषदेने २४ जागा जिंकल्या, तर अपक्षांची संख्या ३५ होती. तत्कालीन मुख्यमंत्री जयनारायण व्यास हे दोन मतदारसंघांतून उभे राहून दोन्हीकडे पराभूत झाले. संस्थाने विलीन झाली असली तरी जुन्या सत्तेची मुळे किती खोलवर गेली होती, हे या निकालाने दाखवून दिले.

ऑक्टोबर १९५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जनसंघाला या निवडणुकीत ८ जागा मिळाल्या. त्यांपैकी दांता रामगढ येथून निवडून आलेले एक आमदार भैरोंसिंह शेखावत होते. त्या वेळी त्यांचे वय अवघे २८ वर्षांचे होते.

त्यांच्यापुढे पहिलीच कसोटी अत्यंत कठीण उभी राहिली. राजस्थान भूमी सुधारणा व जागीर पुनर्ग्रहण कायदा, १९५२ याद्वारे जागिरी नष्ट करण्याचा निर्णय शासनाने घेतला. राज्याच्या निम्म्याहून अधिक भूभागावर जागिरी अंमल असल्याने हा प्रश्न लक्षावधी शेतकऱ्यांच्या जीवनमरणाचा होता. जनसंघाच्या नेतृत्वाची भूमिका जागीरदारी निर्मूलनाला अनुकूल होती. परंतु पक्षाच्या आठ आमदारांपैकी बहुतेकांचे हितसंबंध जागिरी व्यवस्थेशी जोडलेले होते. त्यांनी पक्षाची भूमिका मानली नाही व ते पक्षापासून दुरावले. शेखावत मात्र निर्मूलनाच्या बाजूने ठाम राहिले. विधानसभेतील पक्षाची ताकद जवळजवळ संपुष्टात आली, तरी भूमिका बदलली नाही.

या घटनेचे मूल्यमापन दोन बाजूंनी करावे लागते. पक्षशिस्त पाळणारा तरुण आमदार एवढाच याचा अर्थ घेतल्यास तो अपुरा ठरेल. जागीर निर्मूलनाच्या प्रश्नावर राजपूत समाज पुढे अनेक वर्षे धुमसत राहिला. १९५५-५६ च्या सुमारास लहान राजपूत भूधारकांनी भूस्वामी आंदोलन छेडले. अशा वातावरणात त्याच समाजातील, त्याच प्रदेशातील आणि जेमतेम राजकारणात आलेल्या व्यक्तीने घेतलेली ही भूमिका समाजबहिष्काराचा धोका पत्करणारी होती. मात्र दुसऱ्या बाजूने पाहता, मताधिकार प्राप्त झालेला शेतकरी हाच यापुढे राजकारणाचा पाया असणार, हे त्यांनी इतरांपेक्षा लवकर ओळखले, असेही म्हणता येईल. तत्त्व आणि व्यवहार येथे एकाच दिशेने जात होते. राजकारणात असा योग क्वचित येतो, आणि तो ओळखणाराच पुढे टिकतो.

विरोधी बाकांवरील पाव शतक

१९५७ मध्ये श्रीमाधोपूर येथून आणि १९६२ व १९६७ मध्ये जयपूर शहरातील किशनपोल येथून ते निवडून आले. १९७२ मध्ये त्यांचा पराभव झाला. त्यानंतर १९७४ मध्ये ते मध्य प्रदेशातून राज्यसभेवर गेले. आणीबाणीच्या काळात त्यांना अटक झाली व रोहतकच्या तुरुंगात त्यांनी कारावास भोगला. एकेकाळी इतरांना कोठडीत घालण्याचा अधिकार असलेला माणूस कोणत्याही खटल्याविना स्वतः कोठडीत गेला. शासनाच्या दंडशक्तीच्या दोन्ही बाजू अशा रीतीने त्यांच्या वाट्याला आल्या.

त्यांच्या मतदारसंघांची यादी पाहिल्यास एक बाब ठळकपणे जाणवते. दांता रामगढ, श्रीमाधोपूर, किशनपोल, हाडौती भागातील छबडा आणि गोडवाड भागातील बाली हे मतदारसंघ परस्परांपासून दूर व सामाजिकदृष्ट्या भिन्न आहेत. पिढीजात बालेकिल्ला बांधण्याची जी पद्धत भारतीय राजकारणात रूढ आहे, ती त्यांनी अवलंबिली नाही. याचा फटकाही त्यांना बसला. १९९३ मध्ये दोन ठिकाणांहून उभे असताना श्रीगंगानगर येथे त्यांचा पराभव झाला. बालीने मात्र त्यांना तारले.

अंत्योदय : यादीचे राजकारण

१९७७ च्या विधानसभा निवडणुकीत जनता पक्षाने २०० पैकी १५२ जागा जिंकल्या आणि २२ जून १९७७ रोजी शेखावत राजस्थानचे पहिले बिगर-काँग्रेसी मुख्यमंत्री झाले. त्यांच्या शासनाने २ ऑक्टोबर १९७७ रोजी अंत्योदय योजना सुरू केली. प्रत्येक गावातील सर्वांत गरीब पाच कुटुंबे निवडायची आणि त्यांना जमीन, दुभते जनावर, कर्ज, रोजगार अथवा निवृत्तिवेतन यांपैकी योग्य ते साहाय्य द्यायचे, असे या योजनेचे स्वरूप होते.

या योजनेचे वैशिष्ट्य साहाय्याच्या रकमेत शोधण्यापेक्षा निवडीच्या पद्धतीत शोधावे लागते. कुटुंबांची निवड ग्रामसभेत, सर्वांसमक्ष व्हावी अशी अपेक्षा होती. गावातील सर्वांत गरीब कोण, हे पटवारी अथवा सरपंच यांनी बंद खोलीत ठरविण्याऐवजी गावाने उघडपणे ठरवावे, ही कल्पना त्या काळात नवी होती. शासकीय यादीत नाव कसे चढते आणि कसे गळते, हे ज्याने खालच्या पायरीवरून पाहिले आहे, त्यालाच निवड उघड्यावर करण्याचे महत्त्व पटते. अर्थात ग्रामसभेत बलिष्ठांचाच आवाज मोठा असतो, ही मर्यादा या योजनेलाही होती. फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने शासन बरखास्त केल्याने प्रयोगाला पुरेसा कालावधी मिळाला नाही. त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर लागू झाला. त्यातही कुटुंब हाच घटक मानून दारिद्र्यनिवारणाचा विचार करण्यात आला.

दिवराला आणि समाजाचा रोष

४ सप्टेंबर १९८७ रोजी सीकर जिल्ह्यातील दिवराला या गावी १८ वर्षांची रूपकंवर पतीच्या चितेवर जळून मरण पावली. सतीच्या नावाने हजारोंचा जमाव तेथे जमला. जयपुरात तलवारी घेऊन मिरवणुका निघाल्या. राजपूत अस्मितेचा प्रश्न उभा करून अनेक राजकीय नेते या उदात्तीकरणाच्या मागे उभे राहिले किंवा मौन धारण करून बसले. ही घटना शेखावत यांच्या स्वतःच्या जिल्ह्यात, स्वतःच्या समाजात घडली होती. ते त्या वेळी विरोधी पक्षात होते; शासनाला अडचणीत आणण्यासाठी समाजभावनेचा उपयोग करणे सोपे होते. त्यांनी सतीप्रथेचा व तिच्या उदात्तीकरणाचा विरोध केला आणि समाजाचा रोष ओढवून घेतला. १९५२ च्या भूमिकेशी या भूमिकेची संगती स्पष्ट आहे. पस्तीस वर्षांच्या अंतराने दोनदा त्यांनी स्वसमाजापेक्षा कायद्याला झुकते माप दिले.

सत्ता आणि तिच्या मर्यादा

१९९० मध्ये ते दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी जनता दलाने पाठिंबा काढून घेतला असता त्या पक्षातून फुटलेल्या गटाच्या साहाय्याने त्यांनी शासन वाचविले. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशिदीच्या विध्वंसानंतर केंद्राने त्यांचे शासन बरखास्त केले. डिसेंबर १९९३ मध्ये ते तिसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले व १९९८ पर्यंत पदावर राहिले. बहुमताची जुळवाजुळव करण्याच्या त्यांच्या कौशल्याचे पुष्कळ कौतुक झाले आहे. परंतु चरित्रनायकाच्या कौतुकात त्याच्या मर्यादा झाकल्या जाऊ नयेत, म्हणून दोन प्रसंगांचा विचार येथे आवश्यक आहे.

पहिला प्रसंग सप्टेंबर १९९२ मधील भटेरी गावचा. शासनाच्याच महिला विकास कार्यक्रमात साथिन म्हणून काम करणाऱ्या एका स्त्रीने बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला आणि त्याचा सूड म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाल्याची तक्रार तिने केली. पोलिसांची वागणूक अविश्वासाची व दिरंगाईची होती. वैद्यकीय तपासणीला दोन दिवसांहून अधिक विलंब झाला. नोव्हेंबर १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या 'विशाखा विरुद्ध राजस्थान राज्य' या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऐतिहासिक निर्णय देऊन कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. घटना घडली तेव्हा आणि निकाल लागला तेव्हाही मुख्यमंत्रिपदी पोलीस ठाण्याचा कारभार आतून जाणणारी व्यक्ती होती. तरीही ठाण्याच्या दारात उभ्या असलेल्या गरीब स्त्रीचा अनुभव बदलला नाही. व्यक्तीचा अनुभव संस्थेच्या सुधारणेत आपोआप रूपांतरित होत नाही, हा या प्रसंगाचा कठोर धडा आहे.

दुसरा प्रसंग माहितीच्या हक्काचा. मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी घेतली. कामाची हजेरीपत्रके व देयके गावासमोर वाचून दाखविण्यात आली आणि खोट्या नोंदी उघड झाल्या. शेखावत यांचा बाली मतदारसंघही याच पाली जिल्ह्यात होता. एप्रिल १९९५ मध्ये त्यांनी विधानसभेत आश्वासन दिले की, विकासकामांच्या कागदपत्रांच्या प्रती नागरिकांना मिळतील. आश्वासन मोठे होते. अंमलबजावणी झाली नाही. वर्षभर वाट पाहून ६ एप्रिल १९९६ रोजी ब्यावर येथे धरणे सुरू झाले व ते ४० दिवस चालले. शासनाने प्रथम कागद पाहण्याची मुभा दिली, प्रती देण्यास नकार दिला. पुन्हा आंदोलन झाले आणि जुलै १९९७ मध्ये प्रती देण्याचा आदेश असल्याचे शासनाने जाहीर केले. राज्याचा माहिती अधिकार कायदा २००० मध्ये, म्हणजे त्यांचे शासन गेल्यानंतर झाला.

१९७७ मध्ये गरिबांची यादी ग्रामसभेत उघड करणारा मुख्यमंत्री १९९६ मध्ये हजेरीपत्रकाची प्रत देण्यास का कचरला, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पहिल्या प्रसंगी उघडेपणा शासनाने दिलेला होता. दुसऱ्या प्रसंगी तो नागरिकांनी मागितला होता. देणे आणि मागणे यांतील हा फरक केवळ एका व्यक्तीच्या स्वभावाचा नाही. शासनसंस्था स्वतःहून जे देते, त्यावर तिचे नियंत्रण राहते. नागरिक हक्क म्हणून जे मागतात, त्यावर ते राहत नाही. नोव्हेंबर १९९८ च्या निवडणुकीत भाजपला अवघ्या ३३ जागा मिळाल्या आणि काँग्रेसला १५३. या पराभवाची कारणे अनेक आहेत, परंतु शासन आणि सामान्य मतदार यांच्यात पडलेले अंतर त्यातून लपून राहत नाही.

दोन फौजदार : तुलनात्मक दृष्टिक्षेप

शेखावत यांची तुलना सुशीलकुमार शिंदे यांच्याशी केल्यास विषय अधिक स्पष्ट होतो. ४ सप्टेंबर १९४१ रोजी सोलापुरात दलित समाजात जन्मलेल्या शिंदे यांनी सोलापूरच्या न्यायालयात कनिष्ठ पदावर नोकरी करीत शिक्षण घेतले. १९६५ नंतर ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले, १९७१ मध्ये नोकरी सोडून राजकारणात आले आणि १९७४ मध्ये करमाळ्याच्या पोटनिवडणुकीतून विधानसभेत पोहोचले. पुढे ते जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री व २०१२ मध्ये केंद्रीय गृहमंत्री झाले.

शेखावत यांना ठाण्यातून विधानसभेत जाताना स्वसमाजाच्या विशेषाधिकारांशी झगडावे लागले. शिंदे यांच्या बाबतीत स्वतः पोलिसाची वर्दी हेच सामाजिक उन्नयनाचे साधन होते. एकाला खाली उतरून पाहावे लागले, तर दुसऱ्याला वर चढून जावे लागले. एकच पद, पण त्याचा सामाजिक अर्थ जन्मस्थानानुसार बदलला.

महाराष्ट्राशी शेखावत यांचा संबंध आणखी एकदा आला. जुलै २००७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांचा पराभव जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांनी केला. प्रतिभाताईंचे पती देवीसिंह शेखावत यांच्या घराण्याचे मूळही सीकर भागातच होते. राष्ट्रीय लोकशाही आघाडीत असूनही शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना मते दिली. निकालाच्या दिवशी, २१ जुलै २००७ रोजी, शेखावत यांनी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला. १५ मे २०१० रोजी जयपूर येथे त्यांचे निधन झाले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. शेखावत यांच्या जीवनातील सर्वांत मोलाच्या भूमिका, म्हणजे जागीर निर्मूलनास पाठिंबा आणि सतीच्या उदात्तीकरणास विरोध, त्यांनी सत्तेवर नसताना घेतल्या. दोन्ही वेळी त्यांची किंमत स्वसमाजाच्या रोषाने मोजावी लागली.

२. अंत्योदय योजनेत शासनाची निवडप्रक्रिया गावासमोर आणण्याचा जो प्रयत्न झाला, तो त्यांच्या प्रशासकीय विचाराचा उच्चबिंदू होय.

३. भटेरी प्रकरण आणि माहिती हक्काचे आंदोलन यांतून असे दिसते की, शासनाची कनिष्ठ पायरी अनुभवलेली व्यक्तीही सत्तास्थानी गेल्यावर शासनाच्या सवयींना सहज बदलू शकत नाही.

४. पोलीस खात्यातून विधिमंडळात आलेल्या लोकप्रतिनिधींचा अभ्यास करताना त्यांची नोकरी आणि त्यांचे सामाजिक स्थान यांचा एकत्रित विचार करणे आवश्यक आहे; एकट्या नोकरीच्या आधारे काढलेले अनुमान फसवे ठरेल.

आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज पोलीस भरतीची तयारी करीत असतात. पहाटे मैदानावर धावून ते इतिहासाच्या तासाला बसतात. त्यांना शेखावत किंवा शिंदे यांचे जीवन यशाची गोष्ट म्हणून सांगणे सोपे आहे. त्याऐवजी वर्दी अंगावर असताना जे दिसले, ते वर्दी उतरल्यावर किती लक्षात राहिले, हा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवणे अधिक उपयुक्त ठरेल. शेखावत यांच्या जीवनात या प्रश्नाचे उत्तर एकसारखे मिळत नाही, आणि म्हणूनच ते अभ्यासण्यासारखे आहे.